पातळ फोन घ्यावा का? आधी वजन बघा, मग जाडी

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी नुकतीच महापेच्या एका कंपनीत लागली, आता तिला साडेपाच-सहा मिलिमीटरचा एखादा पातळ फोन घ्यायचा आहे. घरात फोन चार-पाच वर्षं वापरायची पद्धत आहे. असा फोन एवढी वर्षं टिकेल का? पुढे सगळेच फोन असे पातळ होणार असतील तर थोडं थांबावं का?

ताई, मी ठाण्याच्या नौपाड्यात फोन दुरुस्तीचं काम करतो. नुसतं डिस्प्ले-बॅटरी बदलणं नाही, बोर्डावरच्या आयसीचं (म्हणजे चिपचं) आणि रिबॉलिंगचंसुद्धा, म्हणजे चिपखालचे सुटलेले टाके नव्याने घालण्याचं. त्यामुळे नवा फोन कसा दिसतो यापेक्षा दोन-तीन वर्षांनी तो कशामुळे टेबलावर येतो, हे मला जास्त दिसतं. त्या जागेवरून सांगतो. पाच वर्षं वापरायचा असेल तर लाखाच्या घरातला आजचा अतिपातळ फोन घेऊ नका. तो वाईट बनवलाय म्हणून नाही, उलट कारागिरी म्हणून त्यातलं काम अप्रतिम आहे. पण तो पातळ करण्यासाठी ज्या गोष्टी काढल्या, त्या नेमक्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी लागणाऱ्या आहेत.

आधी हिशेब बघू. सॅमसंगचे एकाच वर्षातले, एकाच आकाराच्या पडद्याचे दोन फोन घ्या. गॅलेक्सी एस२५ प्लस ७.३ मिलिमीटर जाड, बॅटरी ४९०० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते याचं माप), वजन १९० ग्रॅम. मे २०२५ मध्ये आलेला एस२५ एज ५.८ मिलिमीटर, बॅटरी ३९०० एमएएच, वजन १६३ ग्रॅम. म्हणजे दीड मिलिमीटरसाठी १००० एमएएच गेले, झूमचा कॅमेराही गेला, आणि भारतात येताना किंमत मात्र प्लसपेक्षा दहा हजारांनी जास्त होती. सप्टेंबर २०२५ चा आयफोन एअर याहून पुढे गेला. जाडी ५.६४ मिलिमीटर, वजन १६५ ग्रॅम, बॅटरी ३१४९ एमएएच, मागे एकच कॅमेरा, स्पीकरही फक्त वरचा एकच, आणि सिमकार्डाची खाच मुळीच नाही.

यातला वजनाचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दुकानात असा फोन हातात घेतल्यावर माणूस ‘किती पातळ!’ म्हणतो, पण हाताला सुखावतो तो हलकेपणा. ठाणे-वाशी लोकलमध्ये एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हातात फोन धरणाऱ्या मुलीला २१८ ग्रॅमचा फोन आणि १६३ ग्रॅमचा फोन यांतला फरक मनगटात कळतो. जाडीतला दोन मिलिमीटरचा फरक मात्र कव्हर चढवलं की जवळजवळ संपतो, आणि आमच्याकडे येणारा जवळपास प्रत्येक फोन कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास लावूनच येतो. म्हणून मुलीला विचारा, तिला खरं काय आवडलं, पातळपणा की हलकेपणा? हलकेपणा असेल तर थोडा लहान पडदा असलेला, सात-साडेसात मिलिमीटर जाडीचा साधा फोनही तेवढंच सुख देतो, तेही बॅटरी फारशी न गमावता.

आता वाकण्याचं बघू. शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी आडवी धरून दाबली तर सहज वाकते, उभ्या कडेवर धरून दाबली तर हलत नाही. पट्टी तीच, फक्त दाबाच्या दिशेतली जाडी बदलली. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो किंवा घटतो. म्हणून ८ मिलिमीटरची वस्तू त्याच धातूत ५.६ मिलिमीटरची केली तर तिचा ताठपणा जेमतेम एक तृतीयांश उरतो. हे भरून काढायला टायटॅनियम वापरतात, कारण त्याचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त आहे. सॅमसंग एज आणि आयफोन एअर दोन्हींची चौकट म्हणूनच टायटॅनियमची आहे. दाबाच्या चाचण्यांमध्ये हे फोन सहज मोडत नाहीत, हेही खरं.

पण फोन मोडणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. दुरुस्तीवाल्याला भीती वाटते ती रोज थोडं थोडं लवचण्याची. फोनच्या आतला बोर्ड आणि त्यावरच्या आयसी यांना जोडणारे टाक्याचे, म्हणजे सोल्डरचे, बारीक गोळे असतात, केसापेक्षा फार मोठे नाहीत. चौकट लवचली की ताण त्यांच्यावर येतो. २०१४ च्या आयफोन ६ प्लसचं उदाहरण जगजाहीर आहे. तो ७.१ मिलिमीटरचा होता, म्हणजे आजच्या मानाने पातळसुद्धा नाही. वाकलेल्या फोनांचे फोटो लगेच गाजले, पण खरा रोग दोन वर्षांनी बाहेर आला. वापरून वापरून टच आयसीखालचे टाके सुटायला लागले, पडद्याच्या वरच्या कडेला राखाडी पट्टा लुकलुकायचा आणि टच बंद पडायचा. ॲपलने नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यासाठी वेगळी दुरुस्ती योजना काढली. त्यानंतर कंपन्या जास्त सावध झाल्या. आयसीभोवती रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव, भरण्याकडे जास्त लक्ष द्यायला लागल्या, बोर्ड लवचणाऱ्या भागातून हलवायला लागल्या. आयफोन एअरमध्ये बोर्ड वरच्या जाड उंचवट्यात, कॅमेऱ्याशेजारी ठेवलाय आणि खालचा बहुतेक भाग बॅटरीला दिलाय, तो यामुळेही. रचना हुशारीची आहे. दोन-तीन वर्षं जीन्सच्या खिशात राहून ती कशी टिकते, हे मात्र काळच दाखवेल.

बॅटरीवर थोडं जास्त बोलतो, कारण या विषयाचं सगळं भवितव्य तिच्यावर आहे.

लोक बॅटरीकडे ‘दिवसभर पुरते का’ एवढ्याच अर्थाने बघतात. पण लहान बॅटरी लवकर म्हातारीही होते. समजा मुलीला दिवसाला १० वॅट-तास एवढी वीज लागते. आयफोन एअरची बॅटरी सुमारे १२.३ वॅट-तासांची आहे. म्हणजे ती रोज चार पंचमांशांहून अधिक रिकामी होणार, आणि दोन वर्षांत जवळपास ६०० पूर्ण चक्रं होणार (बॅटरीभर वीज एकदा वापरून पुन्हा भरली की एक चक्र). तेवढ्याच वापरात ५००० एमएएचची, म्हणजे साधारण १९ वॅट-तासांची बॅटरी दोन वर्षांत ३८० चक्रांच्या आसपास राहते. युरोपियन युनियनने जून २०२५ पासून नियम केला की ८०० चक्रांनंतर बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. त्या मापाने बघा. लहान बॅटरी ८०० चक्रं पावणेतीन वर्षांत गाठते, मोठी चार वर्षांनंतर. आणि आधीच लहान असलेल्या बॅटरीतले २० टक्के गेले की संध्याकाळी सहाला ऐरोली स्टेशनवर फोन लाल दाखवायला लागतो. लोक मग पॉवर बँक बाळगतात, म्हणजे वाचवलेले ग्रॅम पर्समध्ये परत येतात.

बॅटरी पातळ करण्यात आणखी एक अडचण आहे. तिच्यात वीज साठवणाऱ्या थरांखेरीज बाहेरचं फॉइलचं पाकीट, पट्ट्या, सुरक्षेचा छोटा बोर्ड असं बरंच काही असतं. बॅटरी अर्धी पातळ झाली म्हणून हे अर्धं होत नाही. शिवाय प्रत्येक बॅटरी वयानुसार थोडी फुगते, तिला श्वास घ्यायला जागा ठेवावीच लागते. ही जागा कमी पडली तर काय होतं हे २०१६ च्या गॅलेक्सी नोट ७ ने दाखवलं. सॅमसंगने जानेवारी २०१७ मध्ये जाहीर केलेल्या तपासात पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्याला पुरेशी जागा नसल्याने आतले इलेक्ट्रोड दुमडले गेल्याचं निघालं. दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीत वेल्डिंगचे काटे राहिले होते. आमच्या कामात फुगलेली बॅटरी रोजची आहे. जाड फोनात ती मागची काच उचलते आणि मालकाला वेळेत कळतं. अतिपातळ फोनात तेवढी फुग थेट पडद्याच्या पाठीवर दाबायला लागण्याची शक्यता जास्त, आणि पडदा हा सगळ्यात महागडा भाग.

यावरचा उतारा सिलिकॉन-कार्बन बॅटरी. नेहमीच्या बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं. ते एका ग्रॅममागे जास्तीत जास्त ३७२ एमएएच धरू शकतं. सिलिकॉन तत्त्वतः ३६०० च्या आसपास धरतं, म्हणजे जवळपास दहापट. मग सगळंच सिलिकॉन का नाही? कारण चार्ज होताना ते तिपटीच्या घरात फुगतं आणि रिकामं होताना आकसतं. या ताणाने कण फुटतात. म्हणून थोडंसं सिलिकॉन कार्बनच्या जाळीत बसवून वापरतात. ऑनरने २०२३ मध्ये चीनमधल्या मॅजिक ५ प्रोमध्ये ही बॅटरी आणली. आता चिनी कंपन्या नेहमीच्या जाडीच्या फोनात ७००० एमएएचच्या पुढे गेल्या आहेत. पातळ फोनात बघायचं तर परदेशात विकला जाणारा मोटोरोला एज ७० हा ५.९९ मिलिमीटरमध्ये सिलिकॉन-कार्बनची ४८०० एमएएच बॅटरी देतो. सॅमसंग एजपेक्षा तो ०.२ मिलिमीटरने जाड आहे आणि बॅटरी ९०० एमएएचने मोठी.

म्हणून सांगतो, ‘पातळ म्हणजे बॅटरी कमी’ हे समीकरण दोन-तीन वर्षांत ढिलं पडणार. ॲपल आणि सॅमसंग अजून जुन्या रसायनावर का थांबलेत? माझ्या मते त्यांना हजार चक्रांनंतरच्या फुगण्याची धास्ती आहे. नोट ७ नंतर तर सॅमसंगला ती असणारच, आणि ती योग्य आहे. कोट्यवधी फोन विकणाऱ्याने आधी थांबून बघावं.

उष्णतेबद्दल. ॲपलनेच आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश हे वापराचं तापमान दिलेलं आहे. आपल्याकडे मार्चच्या शेवटीच दुपारचा पारा त्यापलीकडे जातो. घोडबंदर रोडला सिग्नलवर बाइकच्या हँडलला लावलेला, मॅप चालू असलेला फोन किती तापत असेल हे वेगळं सांगायला नको. चिप तेवढीच ताकदवान, तेवढीच ऊर्जा खाते, पण उष्णता पसरायला धातू आणि जागा कमी. इथे टायटॅनियमचा दुसरा चेहरा दिसतो. ते ताठ आहे, पण उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमच्या विसाव्या हिश्शाएवढंही जेमतेम आहे. एकाच दिवशी ॲपलने दोन फोन दाखवले. आयफोन १७ प्रोची टायटॅनियमची चौकट काढून ॲल्युमिनियम आणलं आणि आत व्हेपर चेंबर (वाफेच्या मदतीने उष्णता पसरवणारी चपटी डबी) बसवला, म्हणजे उष्णतेचा प्रश्न सोडवला. एअरमध्ये टायटॅनियमच ठेवलं, कारण तिथे वाकण्याचा प्रश्न मोठा होता. या दोन निर्णयांकडे एकत्र बघितलं की पातळ फोनाची सगळी ओढाताण समजते. तुमची मुलगी गेम खेळत नसेल, लांबलचक व्हिडिओ शूट करत नसेल तर तिला हे फारसं जाणवणार नाही. उन्हात पडद्याचा उजेड आपोआप कमी होणं आणि चार्जिंग मध्येच थांबणं मात्र जाणवेल.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. मोठ्या सेन्सरला भिंगापासून ठराविक अंतर लागतं, ते भौतिकशास्त्र कोणाच्या हातात नाही. म्हणून ५.६ मिलिमीटर म्हणणारा फोन कॅमेऱ्याच्या उंचवट्यावर मोजला तर जवळपास दुप्पट भरतो. झूम हवा असेल तर हे फोन सोडूनच द्या.

आता असा एक मुद्दा जो जाहिरातीत येत नाही, पण आमच्या टेबलावर रोज येतो. सिमकार्ड. आयफोन एअर जगभरात फक्त ई-सिमवर, म्हणजे कार्डाशिवाय फोनातच भरल्या जाणाऱ्या सिमवर, चालतो, कारण ट्रेची जागा बॅटरीला हवी होती. फोन पूर्ण डेड होऊन येतो तेव्हा आमचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘सिम काढून घरातल्या जुन्या फोनात टाका, बँकेचे ओटीपी तरी येतील.’ ई-सिमच्या बाबतीत हे सांगता येत नाही. नवीन फोनवर ते घ्यायला कंपनीची प्रक्रिया करावी लागते, आणि त्यातली खातरजमा बऱ्याचदा त्याच बंद पडलेल्या नंबरवर किंवा ईमेलवर येते. नाही जमलं तर ओळखपत्र घेऊन गॅलरीत जायचं. नोकरीला लागलेल्या मुलीचा पगार, यूपीआय, ऑफिसचं लॉगिन सगळं एका नंबरवर असतं, म्हणून हे हलकं घेऊ नका. सॅमसंग एजमध्ये साधं सिम चालतं, एवढा एक गुण त्याला जास्त.

दुरुस्तीबद्दल मात्र मी तुम्हाला घाबरवणार नाही. पातळ फोन म्हणजे सगळं गोंदाने चिकटवलेलं, उघडलं की गेलं, असा समज आहे. २०१४-१५ च्या पातळ फोनांसाठी तो खरा होता. पण जाडीच नसेल तर भाग एकमेकांवर रचता येत नाहीत, ते शेजारी शेजारी मांडावे लागतात, आणि मग एक भाग काढायला दुसरे चार काढावे लागत नाहीत. आयफोन एअरची बॅटरी तर अशा गोंदाने लावली आहे की ठराविक कमी दाबाची वीज दिली की तो सुटतो. फोन उघडून दुरुस्तीच्या सोपेपणाला गुण देणाऱ्या आयफिक्सिटने त्याला दुरुस्तीसाठी १० पैकी ७ गुण दिले आहेत. आमच्या हातासाठी हा मोठा दिलासा आहे, कारण बॅटरी उचकटताना ती टोचली जाणं हा या धंद्यातला सगळ्यात वाईट क्षण. अडचण भागांची आणि किमतीची आहे. जे फोन कमी विकले जातात त्यांचे डिस्प्ले तीन वर्षांनी बाजारात चांगल्या प्रतीचे मिळत नाहीत. नौपाड्यात मिळत नाहीत, मुंबईत मोबाइलच्या सुट्या भागांच्या मनीष मार्केटलाही मिळत नाहीत, मग कंपनीच्या सेंटरचा भाव मोजावा लागतो. पातळ फोन कमी खपत असल्याच्या बातम्या २०२५ च्या शेवटी सतत येत होत्या. पाच वर्षांच्या हिशेबात हा धोका मी बॅटरीच्या बरोबरीने धरतो.

पुढे काय होणार? ही शर्यत पहिली नाही. २०१४ मध्ये व्हिवोचा एक्स५ मॅक्स ४.७५ मिलिमीटरचा होता, ओप्पोचा आर५ ४.८५ चा. आपल्या मायक्रोमॅक्सने २०१५ मध्ये कॅनव्हास स्लिव्हर ५ काढला. ५.१ मिलिमीटर, फक्त ९७ ग्रॅम, किंमत १७,९९९. तिन्हींच्या बॅटऱ्या २००० एमएएचच्या. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं, माणसं दिवसभर व्हिडिओ बघायला लागली, आणि २००० एमएएचला बाजारात जागा उरली नाही. त्या फोनांचा पुढे वंश वाढला नाही.

या वेळी तसं होणार नाही असं मला ठामपणे वाटतं, कारण आता पातळपणाला दुसरं गिऱ्हाईक आहे: घडीचा फोन. गॅलेक्सी झेड फोल्ड ७ उघडल्यावर ४.२ मिलिमीटर आणि मिटल्यावर ८.९ मिलिमीटर भरतो, ओप्पोचा फाइंड एन५ ही त्याच्या आसपास. तिथे प्रत्येक दशांश मिलिमीटर दोनदा मोजला जातो. पातळ बॅटरी, पातळ पडदा, पातळ चार्जिंग पोर्ट हे सगळं त्या फोनांना लागणारच आहे. ॲपलने एअरसाठी यूएसबी-सी पोर्टचं घर टायटॅनियमचं थ्रीडी प्रिंट करून घेतलं ते मला या दिशेचंच पाऊल वाटतं. पोर्टचं तोंडच अडीच मिलिमीटरहून थोडं मोठं असतं, त्यावर-खाली काच आणि पडदा धरला की चारच्या खाली जाणं फार अवघड. म्हणजे भिंत कुठे आहे हे साधारण दिसतंय.

साध्या फोनात माझा अंदाज असा की साडेसहा ते सात मिलिमीटर, ५००० च्या वर बॅटरी आणि १७०-१८० ग्रॅम हे मधल्या किमतीचं नेहमीचं माप होईल. त्याला कोणी वेगळं ‘स्लिम’ नावही देणार नाही. पाच मिलिमीटरचा वेगळा, महागडा वर्ग फार काळ तगेल असं वाटत नाही. भारतात टेक्नोने पोव्हा स्लिम ५.९५ मिलिमीटर आणि ५१६० एमएएच घेऊन २०,००० च्या आत आणला, तेव्हाच पातळपणाची किंमत उतरायला लागली.

तेव्हा ताई, आत्ताच घ्यायचा असेल तर १७५ ग्रॅमच्या आतला, सात-साडेसात मिलिमीटरचा, चांगल्या कॅमेऱ्याचा, साधं सिम घेणारा फोन बघा. दुकानात कव्हर घालून हातात द्यायला सांगा आणि मगच तुलना करा. मन पातळ फोनावरच बसलं असेल तर सिलिकॉन-कार्बनवाला, मधल्या किमतीचा घ्या आणि वापर तीन वर्षांचा धरा. ज्यात पैसा कमी अडकतो तिथे प्रयोग करायला हरकत नाही.

आणि तरीही एअर किंवा एजच घरी आला, तर चार कामं पहिल्याच आठवड्यात करा. सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांना लावा, ऑफिसात चार्जर असतोच. मागच्या खिशात ठेवून स्कूटीवर बसायचं नाही, हे मुलीला आत्ताच सांगा. फोनचा विमा घेताना पडदा आणि मागची काच दोन्ही त्यात आहेत का, हे कागदावर वाचून घ्या. ई-सिमवालाच असेल तर बँकेला दुसरा, घरातला नंबर किंवा ईमेल आधीच जोडून ठेवा, आणि ई-सिम परत मिळवण्यासाठी टेलिकॉम कंपनी काय काय मागते हे फोन चालू असतानाच विचारून घ्या.